चेक इंजिनची लाइट परत परत लागतेय? पार्ट बदलण्याआधी हे वाचा



मागच्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर माझ्या दुकानाच्या गाडीत चेक इंजिनची पिवळी लाइट लागली. गाडी २०१४ ची, पेट्रोल. माझं दुकान इलेक्ट्रिकलचं, वायरची बंडलं आणि फिटिंगचा माल याच गाडीतून साइटवर जातो. म्हणजे गाडी उभी, तर डिलिव्हरी उभी.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१. मेकॅनिक म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू." ३,८०० रुपये दिले. चार दिवसांनी लाइट परत हजर! मग प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली. एकूण ५,६०० रुपये गेले आणि लाइट तशीच. यात माझीही चूक होती. "हाच पार्ट गेलाय, हे कशावरून?" एवढा साधा प्रश्न मी विचारलाच नाही.

कोड म्हणजे तक्रार, निदान नाही

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर फक्त ती बातमी देतो. बातमी देणाऱ्यालाच आपण काढून टाकलं! खरं कारण वेगळं असू शकतं: कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय, पेट्रोलचं प्रेशर कमी आहे, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप लीक आहे.

मग शोधायचं कसं?

१. कोड पुसायची घाई करू नका. कोड आला त्या क्षणाचं आरपीएम, तापमान, लोड कॉम्प्युटर साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आधी त्याचा फोटो काढा. बॅटरीची वायर काढून लाइट घालवली, तर हा पुरावाही जातो.

२. फ्युएल ट्रिम बघा. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल ॲप असेल तर बहुतेक गाड्यांत हे दिसतं. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. माझ्या गाडीत गाडी उभी असताना तो अधिक २४ होता. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरली, तर ६ वर आला.

हाच खरा धागा. छोट्या फटीतून येणारी जादा हवा आयडलला खूप जाणवते. रेस दिल्यावर इंजिन मुळातच भरपूर हवा ओढतं, तिथे तेवढीशी हवा किरकोळ ठरते. याउलट चढावर किंवा हायवेला आकडा वाढत गेला, तर पेट्रोल पंप आणि फिल्टरकडे बघा.

३. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर आधी पेट्रोलवर चालवून आकडा तपासा. किटचं ट्युनिंग बिघडलं तरी असे कोड येतात.

४. इंजिन बंद आणि थंड असताना रबरी होज वाकवून बघा. जुन्या गाडीत रबर कडक होऊन चिरतं. सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. गरम इंजिनावर क्लीनरचा स्प्रे मारायचे प्रयोग करू नका, आग लागू शकते.

माझ्या गाडीत इनटेकला जाणारी एक होज खालच्या बाजूने चिरली होती. होज १८० रुपये, मजुरी ३०० रुपये. कोड पुसला आणि आठवडाभर गाडी चालवून पेंडिंग कोड पुन्हा तपासले. लाइट गेली ती गेलीच.

एक गोष्ट लक्षात ठेवा: लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पण लाइट लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल, तर ते मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि तो खर्च फार मोठा. गाडी बाजूला घ्या.

धंद्यातही आपण हेच करतो. विक्री घटली की लगेच डिस्काउंटचा बोर्ड लावतो. गिऱ्हाईक येत नाही, की येऊन रिकाम्या हाताने परत जातं, हे मोजतच नाही. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

तर पुढच्या वेळी पार्टचे पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "दादा, हे कशावरून?" चांगला मेकॅनिक रागावणार नाही, आकडा दाखवेल.