वाघ्याला वासोट्याला न्यायचं का?



दिवाळीच्या सुट्टीआधी चौथीच्या वर्गात 'सुट्टीत कुठे जाणार?' यावर गप्पा चालल्या होत्या. एक मुलगा म्हणाला, "सर, आम्ही वासोट्याला जाणार. वाघ्यापण येणार!" वाघ्या म्हणजे त्याचा कुत्रा. मी म्हटलं, "त्याला तिथं नको नेऊ, बाळा." पोराचा चेहराच पडला. "का पण सर? तो कुणालाच चावत नाही."

प्रश्न रास्त होता. 'सर म्हणतात म्हणून' हे काही उत्तर नव्हे. म्हणून पुढचा तास यावरच घेतला.

जागा कोणती?
वासोटा कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीत वनखात्याची परवानगी घेऊन बोटीने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरलाय. बिबट्या, गवा, सांबर, भेकर, रानकुत्री यांचं ते घर.

साखळी लावली तर?
मुलांनी हे लगेच विचारलं. पण सांबर-भेकरांची शिकार रानकुत्री करतात. आपला वाघ्या त्यांच्याच कुळातला. तो गरीब आहे हे भेकराला कसं कळणार? ऑस्ट्रेलियातला २००७ चा एक अभ्यास सांगतो, की साखळीला धरून कुत्रा फिरवला तरी त्या वाटेवर दिसणारे पक्षी ४१ टक्क्यांनी कमी झाले. आणि साखळी सुटली तर? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं नाही, तर प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही येतं.

न दिसणारा धोका
कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग होतो. तो रानातल्या प्राण्यांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. तो विषाणू आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आला असावा, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत २० हून जास्त सिंह मेले, तिथेही हाच विषाणू सापडला.

आणि वाघ्याचं काय?
बिबट्या कुत्रा उचलतो, हे कराड-शिराळ्याकडच्या उसातल्या पोरांना सांगावं लागत नाही. रानात तर आपणच त्याच्या दारात जातो.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "कुणाकुणाच्या कुत्र्याला लस टोचलीय?" कुत्री घरोघरी, पण हात वर झाले तीनच. वाघ्याच्या मालकाचा हात खालीच होता. मला वाटतं, तासातली सर्वात मोठी गोष्ट तीच होती. रेबीजची लस माणसाला वाचवते, डिस्टेंपरची लस कुत्र्याला आणि रानालाही. दोन्ही वेगळ्या असतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नीट विचारून घ्या.

वर्गासाठी उपक्रम
मुलांना गल्लीतल्या पाळीव कुत्र्यांची यादी करायला सांगा : नाव, वय, लस टोचली का, कधी? अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका, माहिती मालकालाच विचारा, हे आधी बजावून सांगा.

सुट्टीनंतर तो मुलगा आला. वाघ्या आजीजवळ राहिला होता. "सर, आम्हाला गव्याच्या पायाचे ठसे दिसले. आणि वाघ्याला सुई टोचली. तो रडला नाही, मीच रडलो."