सार्वजनिक संकेतस्थळावरील प्रवेशबंदी आणि कायदा

दुकान सर्वांसाठी उघडे असले, तरी दुकानदाराने एखाद्या गिऱ्हाइकास पुन्हा पायरी चढू नये असे बजावल्यास त्याचा पुढील प्रवेश अतिक्रमण ठरू शकतो. हाच न्याय सर्वांस खुल्या असलेल्या संकेतस्थळास लागू पडतो काय? या प्रश्नाचा विस्तृत ऊहापोह अमेरिकेतील संघीय न्यायालयांत झाला असून त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

वादाचे मूळ तेथील १९८६ च्या संगणक फसवणूक व गैरवापर अधिनियमात आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करून माहिती मिळविणे हा त्यान्वये गुन्हा होय. नुकसान सोसणाऱ्यास दिवाणी दावाही आणता येतो. परंतु ‘परवानगीवाचून’ म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमाने केलेली नाही.

क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळाने थ्री टॅप्स या कंपनीस मनाईचे पत्र धाडले व तिचे आयपी पत्ते अडविले. तरीही कंपनीने निराळ्या पत्त्यांवरून माहिती उचलणे चालूच ठेवले. २०१३ साली कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाने या दाव्यात असे मत दिले की, जो सर्वांस परवानगी देतो तो एकापुरती ती काढूनही घेऊ शकतो. येथे दुकानाचा दृष्टांत स्वीकारला गेला.

पुढे नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने निराळी वाट धरली. लिंक्डइनवर कोणासही दिसणारी माहिती हायक्यू लॅब्ज ही कंपनी गोळा करीत असे. २०१७ साली लिंक्डइनने तिला मनाई केली. जेथे परवानगीची मुळी आवश्यकताच नाही तेथे ती काढून घेण्यास अर्थ उरत नाही, अशा आशयाचा विचार २०१९ च्या निवाड्यात मांडला गेला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हॅन ब्युरेन खटल्यात संगणकाचे फाटक उघडे आहे की बंद, हीच कसोटी धरली आणि हायक्यू प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाने आपले मत कायम केले. हा निर्णय अंतरिम मनाईहुकुमाच्या टप्प्यावरील होता, हे मात्र विसरता कामा नये.

याच न्यायालयाने २०१६ साली फेसबुकच्या दाव्यात उलट निष्कर्ष काढला होता. परंतु तेथील माहिती संकेतशब्दाच्या कुलपाआड होती. तेव्हा भेद मालकाच्या शब्दात नसून दाराच्या अस्तित्वात आहे.

म्हणून मनाई सर्वस्वी निष्फळ ठरते असे नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने हायक्यूने वापराच्या कराराचा भंग केल्याचे ठरविले व डिसेंबरमध्ये पाच लाख डॉलरच्या संमत हुकुमाने दावा संपला. जे फौजदारी कायद्याने साधले नाही, ते कराराने साधले.

तात्पर्य, खुल्या पानावर नजर टाकणे हे मालकाच्या नुसत्या पत्राने अपराध ठरू नये, हा विचार नवव्या मंडलात बळावला आहे. परंतु अटी मान्य करून खाते उघडणारा आपल्या वचनाने बांधला जातो. सार्वजनिक पानांवरून अभ्याससामग्री जमविणाऱ्या संशोधकाने म्हणूनच दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : मी कोणते दार ओलांडले, आणि कोणते वचन दिले?