एका वॉटचा भोंगा

चांगला आवाज म्हणजे जास्त वॉटचा आवाज, ही समजूत आमच्या मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात आता पक्की झाली आहे. लोधीखेड्यापासून नागपूरपर्यंत कुठल्याही वरातीत जा: गाडीवर बेसच्या पेट्यांची भिंत, मागे जनरेटर, आणि साऊंडवाला हजारांच्या आकड्यात वॉट सांगणार. याच गावांत सप्ताहाचं कीर्तन, खंजेरीचं भजन, गणपतीची आरती एकेकाळी देवळावर बांधलेल्या एकाच भोंग्यातून शिवारापर्यंत पोचायची. त्याच्या मागे एक गाडीची बॅटरी आणि आजच्या हिशेबात खेळण्यातलं वाटेल असं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, असायचं. तो आवाज कर्कश होता, हे मान्य. पण त्यातलं शास्त्र पक्कं होतं. तेच शास्त्र घरात, भजनी मंडळाच्या खोलीत किंवा वाचनालयात नीट वापरलं तर थोडक्या पैशात मोठा, स्वच्छ आणि गोड आवाज उभा राहतो. ज्याच्याकडे पैसा कमी आणि हाताला काम येतं, त्याने भोंगाच बांधावा, असं माझं ठाम मत आहे.

बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो. ताकद तेवढीच लागते, हाक मात्र दूर जाते. स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा फार हलकी. पडदा हलतो, पण हवा बाजूला निसटते आणि दिलेली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. घरात ठेवायच्या साध्या पेटीच्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम एखादा टक्का आवाजात उतरतो. भोंग्याचा अरुंद गळा हवेला निसटू देत नाही आणि पुढे हळूहळू रुंदावत तिला मोकळ्या हवेशी जोडून देतो. त्यामुळे चांगल्या भोंग्यात हेच प्रमाण वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातं. एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधी पेटी 87 डेसिबलच्या आसपास देते, तर भोंगा 105 च्या पुढेही जातो. दर 10 डेसिबलला दहापट वॉट लागतात, हे लक्षात घेतलं की हा फरक किती मोठा आहे ते कळतं.

जग या शास्त्राकडे गरजेपोटी आलं. ग्रामोफोनला तर वीजच नव्हती. सुईच्या थरथरीतून जे निघेल तेवढंच, आणि ते खोलीभर करायचं काम कर्ण्याचं. 1915 मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी विजेवर पडदा हलवून आवाज काढणाऱ्या युनिटला ग्रामोफोनचा कर्णा जोडला आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोरच्या गर्दीला तो ऐकवला. 1926 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचं 555 हे युनिट आलं आणि बोलपटांची थिएटरं भोंग्यांनी भरली. व्हॉल्व्हची मशीनं तेव्हा महाग आणि मोजक्या वॉटची होती, म्हणून कसर भोंग्याने भरून काढायची. आपल्याकडे 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला तो याच काळात.

सभांचा भोंगा आपल्या देशात रुजवला तो मुंबईच्या शिकागो रेडिओने. नानिक मोटवाने यांची ही पेढी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवायची. गांधी-नेहरूंच्या कितीतरी छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो’ ही अक्षरं दिसतात ती यांचीच. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा यंत्रसामग्रीच्या मदतीवरून मोटवानेंनाही अटक झाली होती. पुढे अहुजासारख्या कंपन्यांनी भोंगा गावोगावच्या मंडप डेकोरेशनवाल्यांच्या गोदामात पोचवला. मग ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले, आणि काटकसरीचं हे शास्त्र सगळ्यांना नकोसं झालं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या ओळखीचा पत्र्याचा भोंगा वाईट वाजतो, यात युनिटचा दोष थोडा आणि पत्र्याचा फार. तो भोंगा आटोपशीर व्हावा म्हणून आतल्या आत दोनदा दुमडलेला असतो. त्या वळणांत वरचे बारीक सूर हरवतात आणि पातळ पत्रा स्वतःच खणखणू लागतो. तेच युनिट सरळ, जाड भिंतीच्या भोंग्याला लावून ऐका. माणसाचा गळा, हार्मोनियम, सनई एकदम जवळ येतात. म्हणून बाजारातून युनिट घ्यावं आणि भोंगा स्वतः घडवावा. घडवायचा कशाचा? कागदाचा.

हे ऐकून हसू नये. लंडनच्या ई. एम. जी. या हातबनावटीच्या ग्रामोफोनचे भलेमोठे कर्णे कागदाच्या लगद्याचेच होते. अडीच फुटांहून रुंद तोंडाचे ते कर्णे जपणारे शौकीन आजही आहेत. आपल्याकडे तर ही कला घराघरांत होती. रद्दी आणि मेथ्या भिजवून, वाटून त्यांच्या टोपल्या करणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील. कागदी लगद्याचे गणपती करणाऱ्या मूर्तिकारांनाही यातलं सगळं ठाऊक आहे. कागद खणखणत नाही, हवा तो आकार घेतो, आणि रद्दीला खर्च तो काय!

आकार मात्र डोळ्याने ठरवू नये. भोंगा किती खालच्या सुरापर्यंत चालणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तो किती वेगाने रुंदावतो आणि त्याचं तोंड किती मोठं आहे. 300 हर्ट्झची तळमर्यादा धरली तर भोंग्याचं क्षेत्रफळ दर 6.3 सेंटिमीटरला दुप्पट झालं पाहिजे. तोंडाचा घेर त्या सुराच्या तरंगलांबीएवढा, म्हणजे सुमारे 115 सेंटिमीटर, हवा. गळा 25 मिलिमीटरचा असेल तर दर 6.3 सेंटिमीटरवरचे व्यास असे येतात: 2.5, 3.5, 5, 7.1, 10, 14.1, 20, 28.3, आणि शेवटी 36.5 सेंटिमीटरला तोंड. एकूण लांबी 49 सेंटिमीटरच्या जवळपास. दर दुसऱ्या टप्प्याला व्यास दुप्पट होतो, एवढं लक्षात ठेवलं तर कोष्टकाचीही गरज नाही. आपल्या युनिटचा गळा आधी मोजून घ्यावा. तो लहान निघाला तर मागे तेवढी लांबी वाढते.

या व्यासांच्या चकत्या प्लायमधून कापून एका गजावर त्या-त्या अंतरावर ओवायच्या. मधल्या जागा रद्दीचे बोळे आणि शाडूने भरून, पुठ्ठ्याच्या कडेने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि मग खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, एकदा उभ्या, एकदा आडव्या. खळीत जुन्या बुकबाइंडरांसारखं थोडं मोरचूद घातलं की कसर लागत नाही, पण ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. चार-पाच थरांनंतर पूर्ण वाळू द्यायचं, मग पुढचे थर. भिंत जवळजवळ एक सेंटिमीटर जाड झाली पाहिजे. घाई केली तर आतून ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये. दिवाळीनंतरचं कोरडं ऊन यासाठी उत्तम. वाळल्यावर भोंगा साच्यावरून गळ्याच्या दिशेने सरकवत काढता येतो. गळ्याशी भंगारातल्या जुन्या भोंग्याची आटेवाली मान बसवली की युनिट फिरवून घट्ट बसतं. वरून लाख किंवा रंग.

युनिट जुनं चालेल. कॉइल उडालेलं असेल तर नवा डायफ्राम टाकता येतो. आत 100 व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला काढून थेट जोडावं. ही युनिटं सहसा 16 ओहमची असतात. 500 हर्ट्झच्या खालचं त्यात जाऊ नये म्हणून ओळीत 20 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावावा. तो डायफ्रामचं रक्षणही करतो. आणि हे युनिट पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर थकतं, म्हणून झांजांच्या किणकिणाटासाठी छोटा बुलेट ट्वीटर हवा. 8 ओहमच्या ट्वीटरला 3.3 मायक्रोफॅरड पुरतात.

खालच्या सुरांसाठी भोंगा बांधायचा मोह होतो, तिथे मात्र थांबून विचार करावा. 50 हर्ट्झसाठी मोकळ्या जागेत सव्वादोन मीटर व्यासाचं तोंड लागतं. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी यावर सुंदर तोड काढली: दुमडलेला भोंगा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून उरलेल्या भोंग्याचं काम करतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्श्यावर येतं. 1940 च्या दशकातली ती रचना आजही विकली जाते. पण तिचं सुतारकाम अवघड आहे आणि कोपरे भक्कम लागतात. पहिल्या खेपेला मी कुणालाही ती सुचवणार नाही. साठ-सत्तर लिटरच्या, 18 मिलिमीटर प्लायच्या पेटीत 12 इंची, हलक्या कागदी कोनचा, सभा-मंडपांसाठीचा (पीए) वूफर लावावा. तो वॉटला 95 डेसिबलच्या आसपास देतो. त्याच्या ओळीत 2.5 मिलिहेन्रीची कॉइल हवी. ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून मिळते, आणि विहिरीवरच्या पंपांमुळे आपल्याकडे अशी दुकानं जागोजाग आहेत.

भोंगा वूफरपेक्षा दहाएक डेसिबल मोठा बोलतो. त्याला खाली आणायला कपॅसिटरनंतर 11 ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि 7.5 ओहमचा युनिटला समांतर लावावा, दोन्ही 10 वॉटचे. ट्वीटरलाही अशीच वेसण लागते. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि मग भोंग्यालाच कर्कश म्हणतात.

मशीनवर पैसे घालू नयेत. टीडीए 7297 चिपचं 15 अधिक 15 वॉटचं म्हणून विकलं जाणारं, 12 व्होल्टवर चालणारं बोर्ड नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात किरकोळ किमतीत मिळतं आणि वीज गेली तर बॅटरीवर चालतं. हा सगळा संच तीन वॉटवर एक मीटर अंतरावर 100 डेसिबल देतो. तेवढ्यासाठी 87 डेसिबलच्या पेटीला वीस वॉट मोजावे लागले असते. घरात प्रत्यक्ष ऐकताना एका वॉटच्याही वर क्वचित जावं लागतं.

म्हणूनच जपायलाही हवं. 85 डेसिबलच्या पुढे तासन्‌तास ऐकणं कानाला घातक आहे, आणि चाचणी घेताना चालू भोंग्याच्या तोंडाशी कान नेणं तर कधीच नको. बाहेर लावायचा तर कायदा स्पष्ट आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. मध्य प्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे, आणि डिसेंबर 2023 मध्ये नव्या सरकारने पहिल्याच आदेशात बेकायदा भोंगे आणि डीजेवर बोट ठेवलं. हे नियम मला अडचण वाटत नाहीत. कमी वॉटमध्ये शब्द न्‌ शब्द कळावा, हेच भोंग्याचं मूळ काम होतं. भजनाचे बोल पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कळायला तीन वॉट पुरतात, हे मंडळांनी एकदा करून पाहावं.

सौंसर, लोधीखेडा, पांढुर्ण्याच्या मंडप डेकोरेशनवाल्यांकडे जुनी युनिटं धूळ खात पडलेली आहेत आणि ती किलोच्या भावाने भंगारात चालली आहेत. त्यांना विनंती, ती विकण्याआधी गावातल्या आयटीआयच्या किंवा शाळेच्या मुलांना दोन-दोन देऊन टाका. आणि वाचकांनो, दिवाळीची रद्दी या वर्षी विकू नका. ऊन चांगलं आहे, साचा बांधायला घ्या.