पियानोचा वर्ग आणि नवी यंत्रे : भांडवल कुठे घालावे?

सोयगाव हे कापसाचे गाव. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात आहेत, पण पाहुणे फर्दापुरावरून परस्पर येतात नि परस्पर जातात. आमच्या बाजाराचा आधार शेतकरी आणि त्याचा कापूस. अशा गावात पियानो शिकवण्याचा खासगी वर्ग काढावा का, आणि काढल्यास कोणती यंत्रे घ्यावीत, असा प्रश्न काही तरुणांनी आमच्यापुढे ठेवला आहे. त्यांना पेटी वाजवता येते, स्वरलिपी वाचता येते, घरची एक खोली रिकामी आहे. आम्ही पडलो कापडवाले, सुरांची तालीम आम्हाला नाही. परंतु कोणते यंत्र भांडवल गिळते आणि कोणते ते परत देते, हा हिशेब कापडाला आणि संगीताला सारखाच लागू आहे.

प्रथम खऱ्या पियानोची गोष्ट. त्याला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा, म्हणून आत बिडाची जाड चौकट घालावी लागते. पट्टी दाबली की लाकडी हातोडी तारेवर आदळते. हातोडीच्या तोंडावर दाबलेल्या लोकरीचा नमदा असतो. वापराने नमदा कडक झाला की आवाज कर्कश होतो, मग जाणकार कारागीर सुया टोचून तो मऊ करतो. लोकर आली म्हणून हे आम्हाला लगेच समजले! पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, सूर हलतात, आणि वर्षातून एकदा-दोनदा तरी सूर लावणारा माणूस बोलवावा लागतो. मुंबईत फुर्तादोसारखी १८६५ पासूनची वाद्यांची पेढी आहे, शिकणारे आहेत, दुरुस्तीवाले आहेत. तेथे हे सर्व निभते. सोयगावात हा पियानो म्हणजे दारी हत्ती बांधणे होय.

म्हणून विजेचा पियानो. तो काय करतो हे विणकर बांधवांना सांगणे सोपे आहे. फ्रान्समधील ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली आपला माग सिद्ध केला. पुठ्ठ्याच्या पत्र्यांना भोके पाडलेली. जिथे भोक तिथला ताण्याचा धागा उचलला जाणार, जिथे भोक नाही तिथला खाली राहणार. सगळा नक्षा भोकांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच युक्ती पियानोवर आली. भोके पाडलेली कागदाची गुंडाळी फिरू लागली, भोक आले की हवेच्या जोराने ती ती पट्टी आपोआप दबू लागली. आणि १९८३ साली जपान-अमेरिकेच्या वाद्यकंपन्यांनी मिळून विजेच्या वाद्यांसाठी एक समान भाषा ठरवली, तिचे नाव मिडी. तिच्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी, कोणत्या क्षणी आणि किती जोराने, एवढीच नोंद असते. जोर ० ते १२७ अशा आकड्यांत. म्हणजे पुन्हा नक्षाच, कापड नव्हे. कापड पुढच्या यंत्रावर विणायचे.

जोर कसा मोजतात? पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी दबताना एक आधी जुळतो, दुसरा मागून. दोहोंमधला वेळ कमी म्हणजे बोट जोरात पडले, वेळ जास्त म्हणजे हलके. ज्या कीबोर्डात ही सोय नाही त्यावर कसेही मारा, आवाज एकसारखा येतो. असा कीबोर्ड खेळणे म्हणून ठीक, शिकवण्यासाठी फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यावर शिकलेल्या मुलाचे बोट खऱ्या वाद्यावर मुके ठरते, आणि मग बदनामी उस्तादाची होते.

खरेदीचे आमचे मत असे. जोर ओळखणारे ६१ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड आधी घ्यावेत. हल्ली असा एक दहा हजारांच्या आगेमागे मिळतो. ८८ वजनदार पट्ट्यांचा विजेचा पियानो पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातो; तो पहिल्या वर्षी नको. शागिर्द दुसऱ्या-तिसऱ्या परीक्षेपर्यंत पोचू लागले की मग घ्यावा. जळगाव आम्हाला जिल्ह्यापेक्षा जवळ. तेथे दुकानात जाऊन प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात दाबून पाहावी, मगच पैसे मोजावेत. कापड आपण बोटांनी चाचपल्याशिवाय घेतो काय?

याशिवाय चार हेडफोन. एका खोलीत एक मुलगा मास्तरांसमोर, दुसरा कोपऱ्यात कानाला लावून आपला रियाज करतो. खोली एकच राहते आणि वेळ दुप्पट होतो. शेजाऱ्यांशी भांडण नाही, हा वेगळा फायदा.

पुष्कळांना वाटते की तंत्रज्ञान म्हणजे मोठी टॅबलेट नि भिंतीवर पडदा. आम्हाला त्यात दम दिसत नाही. खिशातला मोबाईल पुरेसा आहे. त्यात ताल धरणारे मेट्रोनोम फुकट मिळते. हे यंत्र माएल्झेलने १८१५ साली पेटंट केले तेव्हा चावीचे होते. तबल्याचे ठेके मिळतात. पण खरा लाभ नोंद ठेवण्याचा आहे. कीबोर्ड तारेने संगणकाला जोडला की मुलाने काय वाजवले ते पडद्यावर दिसते : चौथे बोट प्रत्येक वेळी दुबळे पडते, किंवा अवघड जागा आली की लय पळते. मास्तरांनी दहा वेळा सांगून न पटलेली गोष्ट मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पटते. शिवाय तो नक्षा सूर न बदलता निम्म्या गतीने ऐकवता येतो. एवढ्या एका कामासाठी संगणक घ्यावा, जुना चालेल.

मोबाईलवरून परगावी शिकवण्याचाही विचार करावा. मात्र दोन गोष्टी पक्क्या समजून घ्याव्यात. बोलण्यासाठी बनवलेली व्हिडिओची साधने लांबलेला सूर म्हणजे गोंगाट समजून कापून टाकतात. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय त्यात शोधून चालू करावी लागते. दुसरे, आवाज पोचायला उशीर लागतो, त्यामुळे दोन गावांतून दोघांनी एकत्र वाजवणे जमत नाही. म्हणून मुलाने आधी वाजवून चित्रफीत पाठवावी, मास्तरांनी ती पाहून मग बोलावे. मोबाईल पट्ट्यांच्या वर टांगावा, समोर नव्हे. मास्तरांना बोटे दिसली पाहिजेत, चेहरा नाही. २०२० च्या टाळेबंदीत लंडनच्या ट्रिनिटीसारख्या संस्थांनी चित्रफितीवर परीक्षा घेण्याची वाट उघडली. परीक्षेसाठी लहान गावातून शहर गाठण्याचा खर्च त्यामुळे टळू शकतो. ज्यांना हिंदुस्थानी पद्धतीची पेटी शिकायची त्यांच्यासाठी १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आहेतच. आमच्या मते सोयगावात वर्गाने दोन्ही ठेवावे. नुसत्या पियानोवर पोट भरणार नाही.

आता आमच्या कारागीर वाचकांच्या मनातला प्रश्न. ही यंत्रे हातचे काम खातील काय? मिरजेचे उदाहरण पाहा. तेथील शिकलगार मूळचे हत्यारांचे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्यांनी सतार-तंबोरा हाती घेतला आणि मिरजेचे नाव देशभर गेले. पुढे १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेचा तंबोरा काढला. रोजच्या रियाजात त्या डबीने भोपळ्याच्या तंबोऱ्याची जागा घेतली हे खरे. बैठकीत मात्र आजही खरा तंबोराच मांडला जातो, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ धक्का बसत नाही असा नाही. बसतो, आणि तो साध्या, स्वस्त मालाला आधी बसतो. पेटीचा भाता शिवणारे, स्वरपट्ट्या घासून सूर लावणारे जे हात आपल्या भागात आहेत त्यांनी कीबोर्डही उघडून पाहावा. पट्ट्यांखालची रबराची पट्टी झिजते, कार्बनचे ठिपके घाण होतात, तारांचे जोड सुटतात. हे काम बारीक आहे, अवघड नाही. कंपनीच्या सेवाकेंद्राला वाद्य पाठवून महिनाभर वाट पाहणारा गिऱ्हाईक गावातच दुरुस्ती मिळाली तर आनंदाने पैसे देईल.

हिशेब मांडू. धरून चाला की पंधरा मुले, महिना पाचशे रुपये फी. साडेसात हजार आले. वीज, किरकोळ खर्च हजार-दीड हजार. सहा हजार उरतात. दोन कीबोर्ड, हेडफोन, स्टँड मिळून पंचवीस हजार लागले तर कागदावर ते चार-पाच महिन्यांत फिटतात. प्रत्यक्षात शाळेच्या परीक्षा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुले गळतात, म्हणून आठ-नऊ महिने धरावेत. दुसरी अडचण अशी की घरी वाद्य नसेल तर मूल महिन्याभरात कंटाळून जाते. तेव्हा एक-दोन जादा कीबोर्ड घेऊन महिना चारशे भाड्याने, दोन हजार अनामत ठेवून घरी द्यावेत. आई-बापाला व्याजाच्या हप्त्यात पडावे लागत नाही, आणि पंचवीस महिन्यांत वाद्य आपले पैसे काढून देते.

शेवटी जपणुकीचे. सरकी-रुईची बारीक धूळ आपल्या गावात सर्वत्र आहे, ती पट्ट्यांच्या फटीत बसते. वाद्यावर मांजरपाटाचे जाड झाकण शिवून घालावे. प्लॅस्टिक नको, पावसाळ्यात आत दमट होते. विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून वाद्य छोट्या इन्व्हर्टरवर चालवावे. आणि अडॅप्टर मूळचाच ठेवावा. बाजारातला बदली घेताना किती व्होल्ट ते तर पाहावेच, शिवाय पिनेच्या आतले टोक धन आहे की ऋण हेही पाहावे. दोन्ही प्रकारची वाद्ये बाजारात आहेत, उलटे जोडले तर दहा हजारांचे वाद्य एका क्षणात बंद पडू शकते. कोणते टोक कोणते याचे लहान चित्र अडॅप्टरवर आणि वाद्याच्या मागे, दोन्हीकडे छापलेले असते.