दोष हवेत की पाण्यात?

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि हात न लावता ती वळवून दाखवली. आत शिकवलेलं माकड बसवलंय, इथपर्यंत बघ्यांचे तर्क गेले म्हणतात. माकडाच्या जागी होती धातूच्या कणांनी भरलेली नळी. रेडिओलहर आली की कण एकमेकांना धरत आणि वीज वाहू लागे. पुढच्या संदेशासाठी ते सुटे व्हायला हवेत, म्हणून टेस्लानं नळीच उलटी करायची सोय केली होती. रिमोटच्या बोटीतला पहिला बिघाड बोटीआधीच ओळखला गेला होता, असं म्हणायला हरकत नाही.

हौशी लोकांच्या हाती हे तंत्र खऱ्या अर्थानं दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. ब्रिटनमधल्या तळ्यांवर १९५०च्या दशकात ज्या बोटी फिरत, त्यांच्या पोटात व्हॉल्व्हचा रिसीव्हर आणि त्यासाठी ४५ किंवा ६७.५ व्होल्टची वेगळी बॅटरी असे. संदेश एकच: बटण दाबलं किंवा सोडलं. सुकाणू वळवायचं काम पीळ दिलेल्या रबराकडे. दर दाबणीला एक घर पुढे: उजवीकडे, मध्ये, डावीकडे, पुन्हा मध्ये. शेवटी कुठल्या बाजूला वळलो होतो हे मालकाच्या डोक्यात राहिलं नाही, की बोट भलतीकडे. रबराचा पीळ संपला की काठावर बसून वाऱ्याची वाट पाहायची.

१९६०च्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रण आलं. काडी जितकी ढकलावी तितकंच सुकाणू वळायला लागलं. सर्व्होला, म्हणजे सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या यंत्रणेला, कळणारी भाषा तेव्हा ठरली आणि आजही तीच आहे: १.५ मिलिसेकंदाची स्पंदनं म्हणजे मध्यभाग, १ आणि २ म्हणजे दोन टोकं. कटकट मात्र क्रिस्टलची, म्हणजे सेटची लहर ठरवणाऱ्या तुकड्याची. २७ मेगाहर्ट्झवर रंगानं ओळखायची सहा ठिकाणं. म्हणून अँटेनाला आपल्या रंगाची फीत बांधायची. शेजाऱ्यानं त्याच रंगाचा सेट चालू केला तर आपली बोट त्याचं ऐकणार.

त्यात मोटर स्वतःच गोंगाट करी. ब्रश आणि कम्युटेटरमधल्या ठिणग्यांनी सर्व्हो फडफडे. त्यावरचा उतारा म्हणजे मोटरच्या दोन टोकांना आणि कवचाला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डाग देऊन बसवणं. तरीही फडफड थांबली नाही, तर गुन्हेगार सुकाणूची सैल कडी असे! धातूवर धातू घासला तरी रेडिओत खरखर उमटते. जाणकार सगळे धातूचे भाग एका तारेनं जोडून टाकत, किंवा कडी प्लॅस्टिकची लावत.

२१व्या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले. रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बांधला जातो, त्यामुळे फितीचा खेळ संपला. ब्रशलेस मोटरनं ठिणग्याही संपवल्या. ती उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. हवेतले बहुतेक दोष असे मिटले.

पाण्यातले राहिले. बोट संथ झाली, मोटर हाताला चटका देते: पंख्यामागे शेवाळ किंवा मासेमारीचा दोरा गुंडाळलेला असतो, नाहीतर शाफ्टच्या नळीतलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. नळीत ग्रीसच नसेल तर तिथूनच पाणी आत येतं. शाफ्ट आणि मोटर सरळ रेषेत नसतील तर कपलिंग थरथरतं. चाचणी साधी आहे: मोटर सोडवून शाफ्ट बोटांनी फिरवायचा. तो अडखळला तर इलेक्ट्रॉनिक्सला हात लावायचं कारण नाही. पुष्कळ जण नेमकं उलट करतात आणि नवा कंट्रोलर विकत घेतात.

नव्या रेडिओची स्वतःची खोड आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं, म्हणून रिसीव्हरचं जेमतेम ३१ मिलिमीटरचं उघडं टोक पाण्याच्या पातळीच्या वर हवं. ते बुडाशी चिकटवलं, तर काठाजवळ सुरळीत चालणारी बोट लांब गेल्यावर ठप्प होते. पाणबुडीला मात्र हा पर्यायच नाही. त्यामुळे बुडी मारणाऱ्या मॉडेलांचे ब्रिटनमधले मालक आजही पाण्याखाली पोचणारे ४० मेगाहर्ट्झचे जुने सेट आणि क्रिस्टल शोधत, विकत घेत, जपून ठेवत असतात.