विद्यापीठाची कवाडे पुन्हा उघडताना : चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशाच्या संदर्भात एक विचार

१

साथीच्या रोगामुळे विद्यापीठ बंद पडणे ही इतिहासात नवी गोष्ट नव्हे. १६६५ साली इंग्लंडात प्लेग पसरला तेव्हा केंब्रिजचे विद्यापीठ बंद ठेवावे लागले व न्यूटनला आपल्या गावी परतावे लागले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. ती सांगताना एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. न्यूटनला घरी वाचन-लेखनास लागणारी सामग्री व स्वस्थता लाभली. घरी परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ती लाभतेच असे नाही. आपल्या देशात १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला व त्याच्या पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जे निर्बंध घातले त्यांना आधार याच कायद्याचा होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांताची फार मोठी हानी केली. परंतु त्या वेळी नागपूर विद्यापीठाचीच स्थापना व्हावयाची होती, ती १९२३ साली झाली. तेव्हा साथीत विद्यापीठ कसे चालवावे याविषयीचा कोणताही पूर्वानुभव या प्रदेशाला वारसा म्हणून मिळालेला नव्हता.

प्रस्तुत लेखात २०२० ते २०२२ या काळात विद्यापीठे पुन्हा सुरू करण्याच्या ज्या योजना आखण्यात आल्या, त्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्राला, म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांना, लावून पाहावयाच्या आहेत. शासनाच्या आज्ञा योग्य होत्या की अयोग्य, याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. एकच नियम निरनिराळ्या भूमीवर लागू केला असता त्याचे परिणाम निरनिराळे का होतात, हे समजून घ्यावे, एवढेच उद्दिष्ट आहे.

२

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे अवश्य आहे. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील महाविद्यालये बंद झाली व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पहिला वाद उत्पन्न झाला तो अंतिम वर्षाच्या परीक्षांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० च्या सूचनांत या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे सांगितले. राज्याने त्या न घेण्याचा निर्णय केला होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. त्याचा आशय असा की, आपत्तीच्या कारणाने राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील व त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागता येईल. परीक्षेवाचून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण मात्र करता येणार नाही.

विद्यापीठे पुन्हा उघडण्याविषयीच्या आयोगाच्या सूचना ५ नोव्हेंबर २०२० रोजी निघाल्या. टप्प्याटप्प्याने उघडावे, प्रथम संशोधक विद्यार्थी व विज्ञान-तंत्रज्ञान शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी, त्यानंतर अंतिम वर्षाचे विद्यार्थी यांना बोलवावे, एका वेळी निम्म्याहून अधिक विद्यार्थी उपस्थित नसावेत, वसतिगृहात एका खोलीत एकाहून अधिक विद्यार्थी ठेवू नयेत, बाहेरगावाहून आलेल्यांनी वर्गात येण्यापूर्वी १४ दिवस विलग राहावे, हे त्या सूचनांचे मुख्य सूत्र होय. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडली. परंतु विदर्भात साथीने याच सुमारास पुन्हा उचल खाल्ली व २२ फेब्रुवारीस अमरावतीत टाळेबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये राज्यभर कडक निर्बंध आले. दुसऱ्या खेपेस २० ऑक्टोबर २०२१ रोजी, लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी, वर्ग सुरू झाले. जानेवारी २०२२ च्या आरंभी ते पुन्हा बंद झाले व १ फेब्रुवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या संमतीने उघडू लागले. म्हणजे एका वर्षात तीन वेळा आरंभ झाला. पुनरारंभ ही घटना नसून प्रक्रिया आहे, हे या तिथींवरूनच दिसते.

३

आता भूमीकडे वळू. गोंडवाना विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे काढून २०११ साली गडचिरोली येथे स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रातील दोन जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ २५,८५५ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ व गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला माणसांचे प्रमाण ७४ पडते, आणि जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. मुख्यालयापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरांवर आहे. कोरची, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथील विद्यार्थी घरी गोंडी, माडिया, तेलुगू वा छत्तीसगढी बोलतो व वर्गात मराठीतून, क्वचित इंग्रजीतून शिकतो.

सामान्य समजूत अशी असते की, विरळ वस्तीच्या प्रदेशात साथ उशिरा येते, म्हणून तेथील विद्यालये लवकर उघडावीत. हिच्या पूर्वार्धात तथ्य आहे. या दोन्ही जिल्ह्यांत रोगी आढळू लागले ते मे २०२० मध्ये, मुंबई-पुण्याच्या बऱ्याच नंतर. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. वस्ती विरळ असली तरी शिक्षणाची केंद्रे विरळ नसतात. किंबहुना वस्ती जितकी विरळ, तितके विद्यार्थी दुरून येऊन थोड्याच ठिकाणी एकत्र होतात. ते एकाच बसने येतात, एकाच वसतिगृहात राहतात आणि सुटीत पुन्हा शंभर गावांत पांगतात. अशा प्रदेशात विद्यापीठ हे गावागावांतील संपर्काचे संगमस्थान बनते. ज्या गावापासून प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर आहे, तेथे एका विद्यार्थ्याबरोबर गेलेला रोग शहरातील रोगापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. सावधगिरीची गरज येथे अधिक होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु बंद ठेवण्याची किंमतही येथेच अधिक होती. दूरध्वनीवरून चालणारे वर्ग हा शहरात वर्गाचा अपुरा पर्याय होता. ज्या गावात लहरी पोहोचतच नाहीत तेथे तो पर्यायच नव्हता. शिवाय घरी परतलेला विद्यार्थी घरच्या श्रमाच्या पंचांगात ओढला जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मेमध्ये तेंदूपाने तोडणे, पावसाळा सुरू होताच धानाची रोवणी ही कामे विद्यापीठाचे वेळापत्रक पाहून थांबत नाहीत. या भागातील हजारो मजूर दरवर्षी मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतील कित्येकांना पायी परतावे लागले. ज्या घराची त्या वर्षीची मजुरी बुडाली, त्या घरातील पदवीच्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात परत पाठविणे हा साधा निर्णय नव्हे.

४

आता ‘निम्मी उपस्थिती’ या सूत्राचा अर्थ गणिताने पाहू. समजा, एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत. पुरेसे अंतर ठेवून खोलीत ३० बसू शकतात. दोन गट पाडून त्यांना एकाआड एक दिवस बोलावले की नियम पाळला जातो. जो विद्यार्थी सायकलवरून येतो त्याला यात अडचण नाही. परंतु जो ८० किलोमीटरांवरून येतो तो एक दिवसाआड ये-जा करू शकत नाही. त्याला वसतिगृहात राहणे प्राप्त आहे. समजा, वसतिगृहात २० खोल्या असून नेहमी प्रत्येकीत तिघे राहत. एका खोलीत एक हा नियम लावला की ६० पैकी २० विद्यार्थ्यांनाच जागा मिळते. म्हणजे वर्गासाठी जे प्रमाण निम्मे, ते वसतिगृहासाठी तृतीयांश होते. आणि वगळले जाणारे विद्यार्थी नेमके दूरच्या गावचे असतात. नियम कागदावर सर्वांना समान, परंतु त्याचा भार एका विशिष्ट गटावर पडतो, तो असा.

विलगीकरणाचा नियम जोडला की गुंता वाढतो. वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या पंधरवड्याच्या पाळ्या लावल्या, तर प्रत्येक खेपेचे १४ दिवस विलगीकरणातच जातील व अध्यापनाला एक दिवस उरेल. महिन्याच्या पाळ्या लावल्या, तर ३० पैकी १६ दिवस उरतील, म्हणजे जवळजवळ अर्धा काळ व्यर्थ. पाळी जितकी आखूड, तितका विलगीकरणाचा भाग मोठा. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, पाळीपद्धती व विलगीकरण हे दोन उपाय वसतिगृहाच्या बाबतीत एकमेकांना छेद देतात. दूरच्या विद्यार्थ्यांना बोलवावयाचे तर एकदाच बोलावून पूर्ण सत्रभर ठेवले पाहिजे, आणि त्यांच्यासाठी जागा करावयाची तर जवळच्यांनी काही काळ घरून शिकले पाहिजे.

५

दुसऱ्या पुनरारंभाच्या वेळची अट लसीची होती. आरोग्यदृष्ट्या ती समर्थनीय होती, यात शंका नाही. तथापि १८ वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली झाली ती १ मे २०२१ रोजी, आणि आरंभी या वयोगटाला संगणकीय नोंदणी अनिवार्य होती. ती अट पुढे शिथिल झाली. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर किमान ८४ दिवस ठरविण्यात आले होते. २० ऑक्टोबरपासून ८४ दिवस मागे गेल्यास २८ जुलै येतो. म्हणजे ज्याने ही लस २८ जुलैनंतर प्रथम घेतली, तो कितीही तत्पर असला तरी पहिल्या दिवशी वर्गात बसण्यास पात्र होऊ शकत नव्हता. पात्रता इच्छेवर नव्हे, तर ऐन पावसाळ्यात लस त्याच्या गावापर्यंत केव्हा पोहोचली यावर अवलंबून होती. आणि भामरागडसारखे ठिकाण पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटते. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मिशन युवा स्वास्थ्य’ या नावाने महाविद्यालयांतच लसीकरण करण्याचा उपक्रम झाला. त्यातील विचार योग्य दिशेचा होता : अट घालणाऱ्यानेच ती पूर्ण करण्याचे साधन पुरवावे. फक्त तो उपक्रम दारे उघडल्यानंतर आला. तो तीन महिने आधी यावयास हवा होता.

आणि मग बस थांबली. राज्य परिवहनाच्या कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये राज्यभर पसरला व एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा विचार हा येथील विषय नाही. परंतु ज्या जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक म्हणावयाचे तर देसाईगंज-वडसा, तेथे बस बंद म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडे असूनही बंद. विद्यापीठाच्या कोणत्याही योजनेत बसचा उल्लेख ‘वाहतूक’ या एका शब्दात येतो. या प्रदेशात तो पहिला परिच्छेद असावयास हवा.

पुराचीही गोष्ट अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला त्याच आठवड्याच्या अखेरीस गोसीखुर्दच्या विसर्गामुळे वैनगंगेला महापूर आला व ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली या भागांतील गावे पाण्याखाली गेली. परीक्षा होणार हे ज्या दिवसांत निश्चित झाले, त्याच दिवसांत काही परीक्षार्थींची पुस्तके भिजत होती. साथ ही एकटी येत नाही. ती त्या प्रदेशाच्या नेहमीच्या आपत्तींच्या जोडीने येते.

६

या विवेचनातून काही तत्त्वे हाती लागतात. पहिले क्रमाविषयी. आयोगाने विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अग्रक्रम दिला, कारण प्रयोगशाळेला घरी पर्याय नाही. हे कारण शास्त्रशुद्ध आहे. म्हणूनच ते त्याच्या तार्किक टोकापर्यंत नेले पाहिजे. ज्याला घरी पर्याय नाही त्याला प्रथम बोलवावे, हे जर तत्त्व असेल, तर लहरी न पोहोचणाऱ्या गावचा समाजशास्त्राचा वा मराठीचा विद्यार्थी त्याच रांगेत उभा राहतो. क्रम विषयावरून नव्हे, वंचिततेवरून लावावा.

दुसरे तत्त्व केंद्राविषयी. या विद्यापीठाचा बहुतांश विद्यार्थिवर्ग मुख्य परिसरात नसून दोनशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांत विखुरलेला आहे. तेव्हा उघडण्याचा वा मिटण्याचा निर्णय जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या पायरीवर, तेथील रोगस्थिती व रस्ते पाहून, घेता यावा. २०२२ च्या फेब्रुवारीत स्थानिक प्रशासनाला जो विवेकाधिकार मिळाला, तो आरंभापासून असता तर बरे झाले असते. ज्यांना येणे अशक्यच आहे त्यांच्यासाठी जवळच्या महाविद्यालयात बसण्याची, वाचण्याची व परीक्षा देण्याची मुभा असावी.

तिसरे तत्त्व गणनेविषयी. दार उघडले त्या दिवशी किती आले, हे आपण मोजतो. परंतु मार्च २०२० मध्ये जे पटावर होते त्यांतील किती परतलेच नाहीत, व ते कोणत्या गावचे होते, ही गणना विभागनिहाय झाली पाहिजे. त्या नोंदी महाविद्यालयांच्या हजेरीपटांत व परीक्षा-अर्जांत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी याहून निकटचा विषय क्वचितच मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये या साथीसंबंधीची आणीबाणी संपल्याचे घोषित केले. त्यानंतर त्या काळातील परिपत्रके दप्तरात गेली. ती तेथे पडून राहू नयेत. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु पर्लकोटेला पूर कोणत्या महिन्यात येतो, तेंदूचा हंगाम केव्हा असतो, कोणत्या गावापर्यंत बस जात नाही, हे आपणांस आजच ठाऊक आहे. विद्यापीठ उघडण्याच्या योजनेचा आरंभ या माहितीपासून केल्यास दूरच्या गावचा विद्यार्थी त्या योजनेत शेवटी आठवला जाणार नाही.