बेकर्स क्रीकचे स्मारक

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात, पूर्व किनाऱ्यावर, मॅके नावाचे एक शहर आहे. शहराच्या सभोवती दूरवर उसाचे मळे पसरलेले असून साखरेच्या धंद्यावरच या भागाची भरभराट झालेली आहे. मॅकेच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर बेकर्स क्रीक हे लहानसे गाव लागते. तेथे एक साधे स्मारक उभे आहे. ज्या चाळीस जणांसाठी ते उभारले, ते ऑस्ट्रेलियाचे रहिवासी नव्हते. ते अमेरिकेचे सैनिक होते. त्यांना मृत्यू आला तो रणांगणावर नव्हे, तर रजा संपवून कामावर परत जाताना. ही दुर्घटना १९४३ साली घडली आणि स्मारक मात्र १९९२ साली उभे राहिले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्या चाळीस जणांच्या घरच्या माणसांनासुद्धा आपला मुलगा वा भाऊ नेमका कोठे आणि कसा गेला, याचा पत्ता नव्हता. असे का घडले, हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांकडे वळले पाहिजे.

त्या वेळी जपानी सैन्य पॅसिफिक महासागरातील बेटांमागून बेटे जिंकीत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी बेटापर्यंत येऊन थडकले होते. त्यास तेथेच थोपवून धरण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे आणि अमेरिकेचे सैन्य खांद्यास खांदा लावून लढत होते. न्यू गिनीचे रान म्हणजे सूर्याचा किरण आत शिरू न देणारी झाडी, गुडघाभर चिखल आणि अखंड पाऊस. शत्रूच्या गोळ्यांइतकेच तेथील हिवतापानेही सैनिक खचून जात. अशा थकलेल्या सैनिकांना काही दिवस विसावा मिळावा, म्हणून १९४३ च्या आरंभी मॅके येथे एक विश्रांतिकेंद्र उघडण्यात आले. अमेरिकेची रेडक्रॉस संस्था तेथील व्यवस्था पाहत असे. सैनिक विमानाने येत, समुद्रकिनाऱ्यावर फिरत, पोटभर जेवत आणि शांत झोप घेत. मॅकेच्या रहिवाशांनीही या परक्या तरुणांना आपल्या घरांची दारे मोकळी केली होती. रजा संपली की विमान त्यांना पुन्हा न्यू गिनीतील पोर्ट मोर्सबी येथे नेऊन सोडी.

या कामी जी विमाने वापरीत, त्यांत ‘बी-१७’ जातीचे एक विमान होते. चार इंजिनांच्या या प्रचंड बॉम्बफेकी विमानास ‘उडता किल्ला’ असे म्हणत. प्रस्तुत विमानाने युद्धाच्या पहिल्या काळात बरीच झीज सोसली होती. बॉम्बफेकीच्या कामातून ते निवृत्त झाले आणि माणसे वाहून नेण्यासाठी त्याची योजना करण्यात आली. सैन्यात अशी जुनी विमाने सहसा टाकून देत नाहीत. लढाई चालू असता प्रत्येक विमानाची गरज असते.

१४ जून १९४३, सोमवार. पहाटेचे सहा वाजले होते. मॅकेच्या विमानतळावर दाट धुके उतरले होते. विमानात सहा कर्मचारी आणि पस्तीस सैनिक, असे एकूण एकेचाळीस जण होते. विमानाने धावपट्टी सोडली, ते सुमारे तीनशे फूट उंच चढले, इतक्या कमी उंचीवरच डावीकडे दोनदा वळले आणि बेकर्स क्रीकजवळ येऊन भूमीवर कोसळले. उड्डाणापासून या शेवटापर्यंत अवघी काही मिनिटे गेली असतील. चाळीस जण मृत्युमुखी पडले. फॉय केनेथ रॉबर्ट्‌स नावाचा एकच सैनिक वाचला. पुढे तो पुष्कळ वर्षे जगला. परंतु त्या पहाटेची कोणतीच आठवण त्याच्या मनात उरली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर एवढी जीवितहानी झालेला दुसरा विमान-अपघात आजवर झालेला नाही. अपघाताचे कारण मात्र निश्चित झाले नाही. उड्डाणाची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारी यंत्रे त्या काळच्या विमानांत नसत; आणि जे सांगू शकले असते, ते जिवंत नव्हते.

एवढी मोठी दुर्घटना घडली, तरी वृत्तपत्रांत तिचा उल्लेख आला नाही. युद्धकाळात प्रत्येक बातमी सरकारी तपासणीतून जात असे. कोणते विमान कोठून कोठे जाते, सैनिक कोठे विसावा घेतात, हे शत्रूस कळले तर अनर्थ ओढवेल, अशी सेनाधिकाऱ्यांस भीती होती. ‘डेली मर्क्युरी’ हे मॅकेचे स्थानिक वृत्तपत्र. त्याने दुसऱ्या दिवशी एक अमेरिकन सैनिक जखमी झाल्याचे तेवढे छापले. तो कशाने जखमी झाला, त्याच्याबरोबर आणखी कोण होते, याविषयी अक्षरही नव्हते. पुढे एका अग्रलेखात त्याच पत्राने आपली व्यथा मांडली. जी गोष्ट गावातील शाळकरी पोरासही ठाऊक आहे, ती आपणांस मात्र छापता येत नाही, असा त्याचा भावार्थ होता.

मॅकेच्या लोकांना सारे ठाऊक होते. पण हजारो मैलांवर अमेरिकेत वाट पाहणाऱ्या आईबापांस काहीच कळले नाही. त्यांच्या हाती सरकारी तार पडली. आपला मुलगा नैऋत्य पॅसिफिकमध्ये विमान-अपघातात मरण पावला, यापलीकडे तीत फारसे काही नव्हते. नैऋत्य पॅसिफिक म्हणजे केवढा अफाट प्रदेश! त्यात एका ओढ्याकाठचे गाव कोणी कसे शोधावे? मृतांचे दफन प्रथम टाउन्सव्हिल येथे झाले. नंतर त्यांच्या शवपेट्या ब्रिस्बेनजवळील इप्सविच येथे हलविण्यात आल्या. युद्ध संपल्यावर त्या हवाई बेटांवर नेण्यात आल्या. काहींना तेथेच चिरविश्रांती मिळाली, इतरांना आपापल्या गावची माती लाभली. शवपेटी घरी आली, पण तिच्यामागची हकीकत आली नाही.

युद्ध चालू असता हे गुपित राखणे आवश्यक होते, असे म्हणता येईल. परंतु १९४५ साली युद्ध संपले, शत्रूचे भय उरले नाही, तरीही हे प्रकरण आणखी कित्येक वर्षे गुप्तच राहिले. १९५८ च्या सुमारास त्यावरील बंधन उठले. पण बंधन उठले म्हणून कोणी त्या चाळीस घरांचे दार ठोठावून खरी हकीकत सांगितली नाही. कागद दप्तरात पडून राहिले. दरम्यान वृद्ध मातापिता एकेक करून निघून जात होते.

हे विस्मरण दूर करण्याचे काम अखेर सामान्य माणसांनीच हाती घेतले. मॅके येथे कॉलिन बेन्सन नावाच्या अभ्यासकाने दुर्घटनेची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. टेक्सासमध्ये टेडी हँक्स नावाचे एक वृद्ध माजी सैनिक राहत होते. युद्धातील त्यांचे चार मित्र याच विमानात होते. हँक्स यांनी सरकारी दप्तरे धुंडाळून मृतांची नावे जमविली. नुसती नावे घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. प्रत्येक नावामागचे घर शोधून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला. पन्नास वर्षांत पत्ते बदलतात, बहिणींची लग्ने होऊन आडनावे बदलतात, कित्येक घराणी गाव सोडून जातात. अशा स्थितीत एकेका कुटुंबाचा माग काढणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना करावी.

तिसरा धागा सापडला तो एका रोजनिशीत. त्या पहाटे सैनिकांना विमानात चढविण्याच्या कामावर कॅप्टन सॅम्युएल कटलर या अधिकाऱ्याची देखरेख होती. त्या दिवसाची नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली होती. अनेक वर्षांनी त्यांचे पुत्र रॉबर्ट कटलर यांच्या ती वाचण्यात आली. ज्यांना आपल्या वडिलांनी विमानात बसविले, ते सारे काही मिनिटांतच गेले, हे वाचून त्यांना स्वस्थ बसवेना. बेन्सन आणि हँक्स यांच्या शोधात तेही सामील झाले आणि २००३ साली त्यांनी या दुर्घटनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिघांच्या पत्रव्यवहारातून एकामागून एक कुटुंबे सापडत गेली आणि बहुतेकांना साठ वर्षांपूर्वीच्या त्या तारेचा खरा अर्थ कळला. पुष्कळ ठिकाणी ती हकीकत ऐकावयास पुतणे आणि भाचेच काय ते उरले होते.

अमेरिकेतही या सैनिकांचे स्मारक व्हावे, अशी आता मागणी होऊ लागली. ११ जून २००९ रोजी वॉशिंग्टनजवळ, आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीच्या सेल्फरिज दरवाजाजवळ ते प्रतिष्ठापित झाले. या जागेस एक वेगळेच औचित्य आहे. लेफ्टनंट टॉमस सेल्फरिज हा १९०८ साली याच परिसरात ऑर्व्हिल राइटच्या विमानातून उडत असता अपघातात मरण पावला. इंजिनाच्या विमानाने घेतलेला मानवाचा तो पहिला बळी. त्याच्याच नावाचा हा दरवाजा आहे.

मॅकेचे लोक आजही जून महिन्यात त्या चाळीस जणांना आदरांजली वाहतात. त्याच सुमारास भोवतालच्या मळ्यांत ऊसतोडणीचा हंगाम सुरू होत असतो.